हळदीने कॅन्सरची गाठ जिरते का?

जऊळक्याला घरी गेलो की कुणीतरी विचारतंच, "कॅन्सरवर पीएचडी करतोस ना? मग सांग, हळद खाल्ली तर गाठ जिरते का?" आमच्या वाशीम-हिंगोली भागात हळद शेतातच पिकते, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे.

आपल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यासाठी त्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्यांना एक्झोसोम म्हणतात. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, आत प्रथिनं आणि आरएनए. कॅन्सरची पेशीही अशा पिशव्या सोडते, पण त्यातून ती शरीराच्या पहारेकरी पेशींना, म्हणजे एनके पेशींना, गप्प बसवते.

२००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदराच्या स्तनाच्या कॅन्सरपेशींना हळदीतलं कर्क्युमिन दिलं, तेव्हा त्यांच्या एक्झोसोमची एनके पेशींना दाबण्याची ताकद कमी झाली. म्हणजे पेशी मारली नाही, तिचा निरोप बदलला!

मग हळद खाऊन हेच होईल का? नाही. प्रयोगशाळेत कर्क्युमिन थेट पेशींवर पडतं. हळदीत ते मुळात थोडंच असतं. खाल्लेल्यापैकी फारच कमी रक्तात पोचतं, आणि आतडं व यकृत तेही लवकर बदलून टाकतात.

म्हणून गावात सगळ्यांना एवढंच सांगतो: हळद भाजीत असू द्या, पण गाठ हाताला लागली तर आधी दवाखाना गाठा. उपचार चालू असताना कर्क्युमिनच्या गोळ्या घ्यायच्या असतील, तर डॉक्टरांना विचारूनच.