फेऱ्यांचा हिशोब



आजचा विषय मोटारींच्या शर्यतीचा आहे. "हे आपल्या कामाचं नाही" म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. वर्षाअखेरीला गटाचा ताळेबंद जुळवताना दहा रुपयांच्या फरकासाठी ज्यांनी सगळी पासबुकं पुन्हा चाळली आहेत, त्यांना ही गोष्ट इतर कोणाहीपेक्षा लवकर कळेल असं आम्हाला वाटतं. ही गोष्ट अमेरिकेतली, १९९२ सालची. दहा महिने, २९ शर्यती, चार हजारांवर गुण, आणि शेवटी पहिल्या-दुसऱ्यात अंतर राहिलं फक्त १० गुणांचं.

आधी ही शर्यत म्हणजे काय ते सांगतो. हिला 'स्टॉक कार' शर्यत म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानातला माल. शोरूममध्ये कोणालाही विकत मिळते तशीच गाडी शर्यतीत पळवायची, ही मूळ कल्पना. पुढे आतलं सगळं बदलत गेलं, तरी बाहेरून गाडी ओळखीची दिसली पाहिजे हा आग्रह राहिला. या शर्यती भरवणाऱ्या संस्थेचं नाव नॅस्कार. १९४८ साली फ्लोरिडा राज्यात ती स्थापन झाली.

या खेळाची पाळंमुळं कुठे आहेत ठाऊक आहे? हातभट्टीत! अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात लोक चोरून दारू गाळत आणि रात्री पोलिसांना चुकवून गाडीतून पोहोचवत. गाडी बाहेरून साधी, आतून मात्र वेगवान केलेली. असे गाडी हाकण्यात तरबेज झालेले गडी पुढे शर्यतीत उतरले. जून १९४९ मध्ये शार्लट इथे नॅस्कारची अशा साध्या गाड्यांची पहिली शर्यत झाली, तेव्हा पहिला आलेला चालक बाद ठरला, कारण त्याच्या गाडीच्या स्प्रिंगा दारू वाहण्यासाठी बदललेल्या निघाल्या. त्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची एक बाई गाडी चालवत होती आणि ती चौदावी आली. दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या बायकांना हा इतिहास रुचणार नाही, आम्हालाही रुचला नाही. पण पुढे या गोष्टीत ज्युनिअर जॉन्सन नावाचा एक बडा मालक येणार आहे. तो तरुणपणी बापाच्या भट्टीवर पकडला जाऊन तुरुंगात जाऊन आला होता, म्हणून हे सांगणं भाग होतं.

आपल्याकडे बैलगाडा घाटात सुटतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. इथे तसं नाही. अटलांटाजवळचा मैदानातला रस्ता घ्या. त्याची एक फेरी साधारण अडीच किलोमीटरची. १९९२ मध्ये अशा ३२८ फेऱ्या मारायच्या होत्या, म्हणजे आठशे किलोमीटर. समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूरला जायला ७०१ किलोमीटर होतात, त्याहून शंभर जास्त, तेही गोल गोल फिरत. मध्ये पेट्रोल संपतं, टायर झिजतात. मग गाडी बाजूला 'पिट'मध्ये घ्यायची. तिथे मालकाची माणसं उभीच असतात. चार टायर बदलणं, पेट्रोल भरणं, काच पुसणं, सगळं त्या काळी वीस सेकंदांच्या आसपास होत असे. किती वेळा थांबायचं आणि केव्हा, यावर अर्धी शर्यत ठरते.

आता गुणांकडे या, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. त्या काळी पहिल्या येणाऱ्याला १७५ गुण मिळत, दुसऱ्याला १७०, तिसऱ्याला १६५, असे पुढे कमी होत जात. चौतिसाव्यालाही ६१ गुण मिळत. जो चालक एक तरी फेरी सगळ्यांच्या पुढे राहील त्याला ५ गुण जास्त. आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त फेऱ्या जो पुढे राहील त्याला आणखी ५. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात फरक फक्त पाचाचा, पण एखाद्या दिवशी गाडी मोडली तर एका झटक्यात शंभरावर गुणांचा खड्डा. एकदा गाजावाजा करून मोठी रक्कम भरणारीपेक्षा दर महिन्याला न चुकता बचत भरणारी इथे पुढे जाते. ही पद्धत कंटाळवाणी आहे, विजयाला किंमतच देत नाही, अशी टीका तिच्यावर झाली. पुढे ती बदललीही. आम्हाला मात्र ती आवडते, हे लपवत नाही.

अ‍ॅलन कुलविकी हा विस्कॉन्सिन या उत्तरेकडच्या थंड राज्यातला. त्याचे वडील शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधत. आई लहानपणीच गेली. त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. या खेळात तेव्हा शिकलेले इंजिनिअर चालक फार नव्हते. सगळा खेळ दक्षिणेतल्या घराण्यांच्या हातात, आणि हा उत्तरेतला, पोलिश वंशाचा, एकलकोंडा, प्रत्येक नटबोल्ट स्वतः तपासणारा. १९८५ साली त्याने होतं नव्हतं ते बहुतेक विकून शार्लटची वाट धरली. निघायच्या दोन दिवस आधी त्याचा ट्रक जळाला, तर दुसऱ्याचा मागून निघाला. १९८६ मध्ये स्वतःच मालक, स्वतःच चालक. जवळ एक गाडी, दोन इंजिनं आणि पगारी माणसं दोन. त्या वर्षी नव्या चालकांत तो पहिला आला.

मग मोठ्या घरची बोलावणी आली. वर सांगितलेल्या ज्युनिअर जॉन्सनने १९९१ च्या हंगामाआधी त्याला दहा लाख डॉलर देऊ केले. अट एकच, आपली गाडी बंद करून माझ्याकडे चालक म्हणून ये. कुलविकी नको म्हणाला. ज्या कॉफी कंपनीची जाहिरात आपल्या गाडीवर येणार म्हणून तो भरवशावर होता, ती कंपनीही मग जॉन्सनकडेच गेली. नव्या हंगामाच्या तोंडावर हा प्रायोजकाविना उभा राहिला.

इथे थोडं थांबून आमचं मत सांगतो. हे ऐकून कोणी "बघा, नोकरी नाकारली म्हणून मोठा झाला" असं म्हणेल. त्याच्या घरी बायको नव्हती, मुलं नव्हती, शाळेची फी नव्हती, डोक्यावर सासऱ्याचं औषधपाणी नव्हतं. एकट्या माणसाला असं नाकारणं परवडतं. आपल्या गटातल्या बाईला महिन्याच्या ठरलेल्या पगाराचं काम मिळत असेल आणि ती पापडाचा धंदा बाजूला ठेवून तिकडे गेली, तर तिला कोणी हिणवू नये. कुलविकीचं धाडस मोठं होतंच. पण धाडसामागचा खर्च कोणी उचलायचा होता तेही बघायला हवं.

पुढे त्याला एका हॉटेल कंपनीचा पैसा मिळाला. हूटर्स नावाचं हे हॉटेल वाढणाऱ्या मुलींच्या तोकड्या कपड्यांवरच चालतं. आणि सगळ्या स्पर्धेचं नाव एका सिगारेट कंपनीच्या नावाने. पैसा कुठून येतो हे न विचारता हा खेळ बघता येत नाही.

१९९२ च्या फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला. पहिली मोठी शर्यत डेव्ही अ‍ॅलिसनने जिंकली. पुढच्या चार ओळीने बिल एलियटने, आणि हा एलियट त्या वर्षी ज्युनिअर जॉन्सनचीच गाडी चालवत होता. अ‍ॅलिसनचं वर्ष फार कठीण गेलं. जुलैत त्याची गाडी हवेत कोलांट्या खाऊन पडली, ऑगस्टमध्ये सरावात त्याचा धाकटा भाऊ मरण पावला, तरी तो गुणांत वर राहिला. कुलविकीने दोनच शर्यती जिंकल्या, पण २९ पैकी १७ वेळा तो पहिल्या दहांत होता.

सप्टेंबरमध्ये डोव्हर इथे त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो चौतिसावा आला. एलियट २७८ गुणांनी पुढे गेला. राहिल्या होत्या फक्त सहा शर्यती. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव सोडून दिलं.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. कुलविकीने त्या सहांतली एकही शर्यत जिंकली नाही. तो फक्त शर्यत पुरी करत राहिला, आणि एलियटची गाडी मात्र पुन्हा पुन्हा बिघडत गेली. पाच शर्यतींनंतर चित्र असं झालं: अ‍ॅलिसन पहिला, त्याच्या ३० गुण मागे कुलविकी, ४० गुण मागे एलियट. शिवाय आणखी तिघांना गणिताने अजून संधी होती.

१५ नोव्हेंबर १९९२, अटलांटा. सात वेळचा विजेता, २०० शर्यती जिंकलेला रिचर्ड पेटी त्या दिवशी शेवटची शर्यत धावला, आणि पुढे फार मोठा झालेला जेफ गॉर्डन पहिली. कुलविकीच्या फोर्ड थंडरबर्ड गाडीच्या पुढे नाव लिहिलेलं असे, त्यातली पहिली दोन अक्षरं त्याने काढून टाकली होती. उरलं 'अंडरबर्ड', म्हणजे इंग्रजीत दुबळ्याला ज्या नावाने ओळखतात त्यावरचा विनोद. यासाठी त्याने कंपनीची परवानगीही घेतली होती. असा नीटनेटका माणूस.

पहिल्याच पिटमध्ये गाडीचा पहिला गिअर तुटला. ट्रॅक्टर किंवा जीप चालवणाऱ्या बहिणींना कळेल, थांबलेली गाडी वरच्या गिअरमध्ये उचलायची म्हणजे काय. पुढे प्रत्येक वेळी पिटमधून निघताना हीच कसरत. अडीचशे फेऱ्या उलटून गेल्यावर अ‍ॅलिसनच्या समोरची गाडी फिरली, तो तिच्यावर आदळला आणि त्याचा खेळ तिथेच संपला. आता राहिले दोघे. एलियट आणि कुलविकी आलटून पालटून पुढे.

कुलविकीच्या गटाचा प्रमुख होता पॉल अँड्र्यूज. त्याने आणि त्याच्या माणसांनी तिथल्या तिथे हिशोब मांडला, की आणखी किती फेऱ्या पुढे राहिलो तर जास्त फेऱ्यांचे ते ५ गुण आपले. पेट्रोल संपत आलेलं. आत घेतलं तर फेऱ्या जातात, नाही घेतलं तर गाडी बंद पडते. ३१० व्या फेरीपर्यंत त्यांनी त्याला बाहेरच ठेवलं, मग आत घेतलं आणि थोडंसंच पेट्रोल भरून सोडलं. उरलेल्या फेऱ्या कुलविकीने पेट्रोल जपत मारल्या. एलियट जिंकला. कुलविकी सुमारे आठ सेकंदांनी दुसरा आला.

आता वही काढा. एलियट पहिला, १७५. पुढे राहिल्याचे ५. एकूण १८०. कुलविकी दुसरा, १७०. पुढे राहिल्याचे ५, सगळ्यात जास्त फेऱ्यांचे ५. एकूण १८०. दोघांना सारखेच गुण! आधीचा १० चा फरक होता तसाच राहिला. कुलविकी ४०७८, एलियट ४०६८. आणि फेऱ्या? कुलविकी १०३ फेऱ्या पुढे होता, एलियट १०२. त्यातली एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर ते ५ गुण एलियटला जाऊन दोघेही ४०७३ वर आले असते. बरोबरी झाली तर ज्याचे विजय जास्त त्याला मान, हा नियम. एलियटचे विजय पाच, कुलविकीचे दोन.

या फेऱ्या मोजत कोण होतं, हाही प्रश्न पडायला हवा. अनेक वर्षं प्रत्येक गाडीची प्रत्येक फेरी माणसं कागदावर हाताने मांडत. तासन् तास नजर न हलवता तक्ता भरणाऱ्यांत चालकांच्या आणि मेकॅनिकांच्या घरच्या बायका पुष्कळ असत. टीव्हीवर त्या दिसल्या नाहीत. आपल्या गटांत हिशोब लिहिणारीला "तुझं काय, नुसतं लिहायचंच तर असतं" म्हणणाऱ्या महाभागांना हे ऐकवायला हरकत नाही.

शर्यत संपल्यावर सगळे वाट बघत होते, आणि कुलविकी गाडीतच बसून केस विंचरत होता. टीव्हीवर नीट दिसावं म्हणून. मग त्याने मैदानाची एक फेरी उलट्या दिशेने मारली. १९८८ मध्ये पहिला विजय मिळाला तेव्हा त्याने हे सुरू केलं होतं. उलटं फिरलं की चालकाची खिडकी प्रेक्षकांच्या बाजूला येते, लोकांना हात करता येतो.

विजेता म्हणून त्याला पाच महिनेही मिळाले नाहीत. १ एप्रिल १९९३ ला प्रायोजकाच्या छोट्या विमानातून ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना विमान कोसळलं आणि तो गेला. वय ३८. त्या आठवड्याची ब्रिस्टलची शर्यत रस्टी वॉलेसने जिंकली आणि त्याने उलटी फेरी मारली. जुलैत डेव्ही अ‍ॅलिसनही हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. नोव्हेंबरमध्ये हंगामाची शेवटची शर्यत पुन्हा अटलांटाला होती. ती जिंकणारा वॉलेस आणि त्या वर्षीचा विजेता डेल अर्नहार्ट या दोघांनी मिळून मैदानाची उलटी फेरी मारली, एकाच्या हातात कुलविकीच्या ७ क्रमांकाचा झेंडा आणि दुसऱ्याच्या हातात अ‍ॅलिसनच्या २८ चा.