दिवा आधी की हेल्मेट?

"आता सायकलवाल्यालेबी हेल्मेट लागते म्हनतात जी, खरं आहे का?"

अड्याळला भंडारा-पवनी रस्त्याच्या कडेला पंक्चर काढून घेत बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याचा हा प्रश्न. उत्तरे लगेच आली, आणि दोन आली. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणारा दुकानदार म्हणाला, "लागते. दंड बसते." बाकड्यावरचा तरुण म्हणाला, "सायकलले कायदाच नाही. कशीबी चालवा." दोन्ही उत्तरे चुकीची होती. त्यातले दुसरे मला जास्त धोक्याचे वाटले.

पहिल्या उत्तराचा उगम शोधायला लांब जावे लागत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटबाबतही कडक कारवाईचे आदेश काढले. ही बातमी गावोगाव फिरत गेली आणि फिरता फिरता 'मागच्यालाही'चे 'सायकलवाल्यालाही' झाले असावे. मूळ कायद्यात असे काही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम १२९ मोटारसायकलवरच्या माणसांपुरते आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात चार वर्षांवरचा प्रत्येक जण येतो, पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट आहे. सायकल या कायद्याच्या कक्षेतच बसत नाही, कारण त्याच्या व्याख्येप्रमाणे मोटार वाहन म्हणजे यंत्रशक्तीने चालणारे वाहन. पायडल मारणारे पाय कितीही दणकट असले तरी कायद्याच्या लेखी ते यंत्र नव्हे. म्हणून सायकलला नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा नाही आणि हेल्मेटची सक्तीही नाही. कोणी हेल्मेटच्या नावाने सायकलस्वाराकडे दंड मागितला, तर कोणत्या कलमाखाली, एवढे विचारावे.

बॅटरीच्या सायकलीचेही जवळपास असेच आहे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन नियमातल्या मर्यादेत असेल, तर ती मोटार वाहन ठरत नाही. मात्र 'लायसन्स लागत नाही' असे सांगून विकलेली गाडी प्रत्यक्षात ताशी ४५ ने पळत असेल, तर ती सायकल राहिलेली नाही. तिला सगळे कायदे लागतात, हेल्मेटचाही.

यात एक गंमत आहे. सायकलच्या हेल्मेटचा उल्लेख आपल्या केंद्रीय नियमांत येतो, पण तो सायकलसाठी नाही, मोटारसायकलसाठी! फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलवर नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि ते ठरावीक दर्जाचे सायकल-हेल्मेट असले तरी चालते. गाडीचा वेगही ताशी ४० च्या वर नको. आजोळी जाताना पेट्रोलच्या टाकीवर बसवलेली किती पोरे हेल्मेट घातलेली दिसतात, ते वाचकांनीच आठवावे.

आता तरुणाचे उत्तर. सायकलला मोटार वाहन कायदा नसला तरी महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ आहे. त्यात वाहनाच्या व्याख्येत सायकलचे नाव घातलेले आहे, आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचे, पुढच्याला उजवीकडून ओलांडण्याचे बंधन तिच्यावरही आहे. जुन्या लोकांना तर हे सांगायलाच नको. संध्याकाळी दिवा नाही म्हणून, डबलसीट आहे म्हणून हवालदाराने शिट्टी फुंकल्याच्या, चाकातली हवा सोडल्याच्या कथा त्या पिढीतल्या पुष्कळांकडे आहेत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकल आणि बैलगाडीवर कर बसवण्याची तरतूद होती. एके काळी सायकल हे पोलीस आणि पंचायत दोघांनीही मोजायचे वाहन होते. मोटारसायकली वाढल्या, तसे सायकलकडे बघणेच सुटले. 'कायदाच नाही' हा समज त्या दुर्लक्षातून आला आहे.

मग हेल्मेटची सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असे म्हणायचे का? "मी तं हळूहळू चालवतो, मले काय होते," हे वाक्य त्याच बाकड्यावर ऐकले.

सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर किंवा थोडे अधिकच वर असते. दीड मीटरवरून पडलेली कोणतीही वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर झालेला असतो. त्यासाठी सायकल पळत असावी लागत नाही. थांबलेल्या सायकलवरून कोलमडले तरी डोके त्याच वेगाने डांबरावर येते. युरोपात सायकल-हेल्मेटची जी मानक चाचणी आहे, तीत हेल्मेट सपाट लोखंडी ऐरणीवर नेमके याच वेगाने आपटतात. आत थर्माकोलच्या जातीचा घट्ट फेस असतो. तो स्वतः चेपतो आणि थांबण्याचा क्षण लांबवतो, त्यामुळे मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. फेस एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी कामातून गेलेले असते.

२०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरच्या ४० अभ्यासांचा, ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांचा एकत्र हिशेब मांडला. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता जवळपास ७० टक्क्यांनी कमी आढळली. यावर 'टिप्परखाली गेल्यावर हेल्मेट काय करते?' असे विचारले जाते. फार काही करत नाही, हे खरे. ते त्यासाठी बनवलेलेच नाही. पण रस्त्यावर सांडलेल्या रेतीवरून घसरणे, केजव्हील लावलेल्या ट्रॅक्टरने रोवणीच्या दिवसांत बांधीतून आणून टाकलेल्या चिखलावर चाक सरकणे, आडवे आलेले रानडुक्कर, दारातून धावत आलेले कुत्रे, हे पडण्याचे प्रकार आपल्याकडे रोजचे आहेत. हेल्मेटचा उपयोग इथे आहे.

दुपट्ट्याबद्दलही बोलायला हवे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. तो उन्हापासून वाचवतो; आपटण्यापासून वाचवण्याइतकी जाडी त्यात नाही. जाड दुपट्ट्यावर चढवलेले हेल्मेट सैल बसते आणि पडताना मागे सरकते. हेल्मेट घालायचेच, तर आत पातळ कापड, कड भुवयांच्या दोन बोटे वर, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटे जातील एवढीच जागा. मोटारसायकलचे हेल्मेट सायकलवर घातले तर डोके वाचेल, नाही असे नाही. पण ते एक-सव्वा किलोचे. घामाने माणूस पहेला गावापर्यंत जाईतो ते काढून हँडलला टांगेल. हँडलला टांगलेल्या हेल्मेटने हँडलचेच रक्षण होते.

सक्ती करावी का? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून जगात पहिल्यांदा सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले, न्यूझीलंडने १९९४ मध्ये. नेदरलँड्समध्ये सक्ती नाही, घालणारेही थोडे; तिथे सायकलला मोटारींपासून वेगळा रस्ता आहे. मेलबर्नमध्ये सक्तीनंतर शाळकरी वयाच्या मुलांचे सायकल चालवणे घटल्याचे मोजणीत दिसले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. आपल्या राज्यात १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. त्यातली एखादी मुलगी हेल्मेट नाही म्हणून दंड होईल या भीतीने घरी बसली, तर ती सुरक्षितता मला नको. हेल्मेट सायकलबरोबरच दिले तर गोष्ट वेगळी.

पण अड्याळच्या रस्त्याबद्दल बोलायचे तर मी हेल्मेटच्याही आधी दिव्याकडे वळेन. "मले गाडी दिसते, म्हंजे गाडीवाल्यालेबी मी दिसतो" हा सगळ्यात खोलवर बसलेला गैरसमज आहे. रात्री ट्रकचे दोन दिवे एक किलोमीटरवरून दिसतात. ट्रकवाल्याला मात्र त्याच्या दिव्याच्या झोतात आलेले तेवढेच दिसते, आणि समोरून दुसरी गाडी आली की डिपरवर तेही आखडते. ताशी ६० ने येणाऱ्या गाडीच्या चालकाला तुम्ही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे २० मीटर. ८० च्या वेगाला हेच अंतर एकूण ७० मीटरच्या घरात जाते, म्हणजे विजेच्या दोन खांबांमधल्या अंतराहूनही जास्त. काळसर शर्टातला सायकलस्वार डिपरच्या उजेडात त्याच्या निम्म्या अंतरावरही धड उठून दिसत नाही. ब्रेक कितीही चांगले असले तरी हे गणित बदलत नाही.

लाल दुपट्टा किंवा लाल फडके मागे बांधले की झाले, असेही समजतात. दिवसा ते ठीक. रात्रीच्या मंद उजेडात लाल कापड काळेच दिसते. पांढरा शर्ट त्यापेक्षा बरा, पण रिफ्लेक्टरची गोष्टच वेगळी. तो आलेला उजेड आला त्याच दिशेने, म्हणजे थेट चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवतो. केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या गुणवत्ता आदेशाने नव्या सायकलींना प्रमाणित रिफ्लेक्टर बंधनकारक केले आहेत. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तर फारच कामाचे. वरखाली होणारा ठिपका पाहून चालकाला तो माणूस आहे हे चटकन कळते. मात्र नवी सायकल घरी आली की पहिल्याच वर्षी पायडल बदलतात आणि रिफ्लेक्टर जातो. मागचा लाल रिफ्लेक्टर असतो, पण कॅरिअरवर तणसाचा किंवा गवताचा भारा बांधला की तो झाकून जातो. म्हणजे ज्या संध्याकाळी सायकल सर्वात रुंद, सर्वात जड आणि सर्वात हळू असते, नेमकी तेव्हाच ती मागून अदृश्य होते. दुधाच्या कॅनांचेही तेच.

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस येतात. आपल्या झाडीपट्टीतला माणूस नाटकाला जातो आणि पहाटे तीन-चारला परततो. धानकापणीचे दिवस, तलावाकाठचे धुके, अंगाभोवती गुंडाळलेली काळी शाल, डोळ्यांत झोप, रस्त्याच्या एका बाजूला वाळत घातलेले धान आणि त्याच्या कडेला लावलेले दगड. धानामुळे सायकल आपोआप रस्त्याच्या मध्याकडे ढकलली जाते. या वेळी रिफ्लेक्टरही पुरत नाही, कारण तो दुसऱ्याच्या दिव्यावर जगतो, आणि एका दिव्याची मोटारसायकल वाकडी येत असेल तर त्याच्यावर उजेड पडेलच असे नाही. स्वतःचा दिवा हवा: पुढे पांढरा, मागे लाल. मोबाइलची टॉर्च खिशातून डोकावत ठेवणे हा दिवा नव्हे. तिचा पांढरा उजेड मागच्याला दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपवतो.

"समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून मी उजवीकडूनच चालवतो," असे सांगणारेही भेटतात. पायी चालणाऱ्याला हा सल्ला योग्य, म्हणून तो सायकललाही लागू असावा असे वाटते. पण पायी माणूस थबकून कडेला उतरू शकतो, सायकल नाही. तुम्ही १५ ने आणि गाडी ६० ने समोरासमोर येत असाल, तर मधले अंतर ताशी ७५ ने संपते. तुम्ही डावीकडून जात असताना मागून आली तर ४५ ने. शिवाय फाट्यावरून मुख्य रस्त्याला लागणारा चालक उजवीकडे बघून डावीकडे वळतो. चुकीच्या बाजूने आलेली सायकल त्याच्या ध्यानीमनीही नसते.

शेवटचा गैरसमज अपघातानंतरचा आहे, आणि पैशांत बघितले तर सर्वात महाग: सायकलला विमा नाही, मग भरपाई कुठली? विमा धडक देणाऱ्या गाडीचा असतो. त्रयस्थासाठीचा विमा प्रत्येक मोटार वाहनाला सक्तीचा आहे, आणि त्यातला त्रयस्थ म्हणजे सायकलस्वारही. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करता येतो. हेल्मेटची सक्तीच नसल्याने ते घातले नव्हते म्हणून दावा आपोआप बुडत नाही. विनादिव्याचा किंवा उलट्या बाजूचा मुद्दा मात्र समोरचा वकील हमखास काढतो. गाडी पळून गेली तरी वारसांना मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. मे २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतच्या विनारोकड उपचारांचीही योजना आली. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याची भीती वाटते; २०१९ च्या दुरुस्तीने त्यालाही संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. फोन ११२ किंवा १०८.

एवढे सगळे काही मी त्या दुकानात बोललो नाही. तोवर पंक्चर निघाले होते आणि दुकानदार चाकात हवा भरत होता. शेतकऱ्याने मागचा लाल रिफ्लेक्टर बोटाने पुसला, मग कॅरिअरच्या खाली, मडगार्डच्या टोकाकडे वाकून पाहिले. "भारा बांधल्यावरबी येथचं दिसन ना?" त्याने विचारले, आणि दुकानदार तिथे दिवा बसवायला पट्टी शोधू लागला.