गिअरमध्ये उभी, गिअरमध्येच सुरू

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याचा घाट असो की धारूरचा, बालाघाटच्या चढउतारावर गाडी उभी करताना जाणता ड्रायव्हर नुसत्या हँडब्रेकवर विसंबत नाही. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर तो पहिला गिअर टाकतो, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि माल भरलेला असला तर चाकाखाली दगडही सरकवतो. यात चूक काहीच नाही. बंद इंजिन गिअरमधून चाकांना जोडलेलं राहतं. चाक फिरायचं म्हटलं की इंजिनाला कितीतरी फेरे घ्यावे लागतात आणि प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमधली हवा दाबावी लागते, त्यामुळे गाडी सहसा जागची हलत नाही. घोटाळा होतो तो परत आल्यावर. उभ्या गाडीला धरून ठेवणारा तोच गिअर, किल्ली फिरताच तिला ढकलायला लागतो.

किल्ली फिरवली की सेल्फची (स्टार्टर मोटरची) छोटी दातेरी चकती फ्लायव्हीलच्या कड्यात अडकते आणि इंजिन फिरवू लागते. क्लच दाबलेला नसेल आणि गिअर पडलेला असेल, तर फ्लायव्हीलबरोबर गिअरबॉक्स आणि चाकंही फिरतात. म्हणजे काही क्षण गाडी बॅटरीवर चालते. हँडब्रेक घट्ट असेल तर हिसका देऊन थांबते. ढिला असेल आणि इंजिनाने पेट घेतला, तर थेट निघते. डिझेल इंजिनात कमी फेऱ्यांनाही ताकद असते, त्यामुळे ते बंद न पडता गाडी रेटत नेऊ शकतं. पुढे फूटभर अंतरावर मोटारसायकल असेल, किंवा मागे कठडा असून रिव्हर्स पडलेला असेल, तर तेवढा हिसकाही पुरतो.

ऑटोमॅटिक गाडीत हा प्रसंग सहसा येतच नाही. लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर सेल्फपर्यंत वीज पोचत नाही. मधला एक स्विच ती अडवतो. पार्कमध्ये गिअरबॉक्समधला एक दातच चाकांकडे जाणारा दांडा अडकवून ठेवतो, त्यामुळे उभं राहण्यासाठी गिअर टाकून ठेवण्याची गरज उरत नाही. उतारावर मात्र हँडब्रेक आधी ओढावा, नाहीतर सगळा भार त्या दातावर येतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटी गाड्या या दोन्हींच्या मधल्या. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच यंत्र दाबतं, आणि सुरू करायला लिव्हर न्यूट्रलमध्ये व पाय ब्रेकवर लागतो. सांगायचं इतकंच, की ऑटोमॅटिकमध्ये गाडी कशी उभी केली होती हे लक्षात ठेवायचं काम यंत्राचं असतं आणि जुन्या मॅन्युअलमध्ये माणसाचं. माणूस विसरतो, म्हणून मॅन्युअलवाल्याने ते काम डोक्याकडून काढून पायाकडे द्यावं: किल्लीला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी क्लच पूर्ण दाबायचा. आता कित्येक नव्या मॅन्युअल गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत, ही तीच सवय कंपनीने तारेत बसवलेली आहे.

यावर पहिला आक्षेप असतो, ‘लिव्हर हलवून न्यूट्रल बघितला की झालं.’ बघावाच. पण जुन्या जीपची किंवा पिकअपची लिव्हर इतकी सैल झालेली असते, की गिअरमध्ये असूनही ती खुशाल डुलते. दुसरा आक्षेप मेकॅनिकमंडळींचा: क्लच दाबून सुरू केल्याने रिलीज बेअरिंग झिजतं. तत्त्वतः खरं, पण रोज घाटात गिअर बदलताना त्या बेअरिंगची जी झीज होते तिच्यापुढे हे दोन-तीन सेकंद काहीच नाहीत. उलट थंडीत घट्ट झालेलं गिअरबॉक्सचं तेल सेल्फला घुसळावं लागत नाही, म्हणजे बॅटरीचा त्रास वाचतो. तिसरा युक्तिवाद जुन्या लोकांचा: रेल्वे फाटकात गाडी बंद पडली तर पहिल्या गिअरमध्ये सेल्फ मारून ती बाहेर काढता येते. येते खरी, पण आयुष्यात क्वचित येणाऱ्या प्रसंगासाठी रोजची सवय बिघडवणं परवडत नाही, आणि बीड शहराला तर रेल्वे मिळाली तीच २०२५ मध्ये.

खरी काळजी कारपेक्षा ट्रॅक्टरची वाटते. ऊसतोडीच्या हंगामात जिल्ह्यातून मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा पुढे ट्रॅक्टर आणि मागे ट्रॉल्या असतात. बहुतेक नव्या ट्रॅक्टरलाही क्लच किंवा न्यूट्रलशी जोडलेला सुरक्षा स्विच असतो. तो बिघडला की पुष्कळदा बदलला जात नाही, तारा जोडून बाजूला सारला जातो. त्याहून वाईट म्हणजे खाली उभं राहून सेल्फच्या दोन टोकांना पाना टेकवणं. स्विच सगळा वगळला जातो, ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर निघतो, आणि माणूस उभा असतो नेमका मोठ्या चाकापुढे. अमेरिकेत ट्रॅक्टरवरच असा इशारा चिकटवलेला असतो, की सीटवर बसूनच सुरू करा, गिअरमध्ये सुरू केल्यास जीव जातो. हंगामात दिवस मोडला की मजुरी बुडते, म्हणून पान्याने काम भागवलं जातं हे समजण्यासारखं आहे. तो स्विच बदलायला त्याहून फार कमी लागतं.

परवान्याच्या बाबतीत आपल्याकडे दुचाकीला गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, कारला नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला मॅन्युअल चालवता येत नाही. इथे तो दुसऱ्या दिवशी काकांच्या जुन्या जीपमध्ये बसू शकतो. म्हणून मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी एक साधी गोष्ट करावी: शिकाऊ येण्याआधी मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून, गाडी मुद्दाम गिअरमध्ये ठेवावी आणि त्याचा पाय आधी कुठे जातो ते पाहावं.