हरवलेल्या फ्रेमची मोजदाद

फ्रेम रिले हे नेटवर्क मुळातच हात झटकून मोकळं होणारं. वाटेत एखादी फ्रेम, म्हणजे माहितीचा तुकडा, खराब झाली तर ते ती टाकून देतं. पाठवणाऱ्याला कळवत नाही, घेणाऱ्यालाही नाही. गर्दी झाली तरी तोच खाक्या. हा हलगर्जीपणा नव्हे, विचारपूर्वक ठरवलेली पद्धत आहे. आणि म्हणूनच ज्यांच्या शाखा या लाइनींवर चालत, त्यांच्या नेटवर्क इंजिनिअरला राउटरवरचे काउंटर वाचता आलेच पाहिजेत, अशी स्थिती होती.

आधीचं एक्स.२५ हे नेटवर्क अगदी उलट स्वभावाचं. खरखर करणाऱ्या तांब्याच्या लाइनींसाठी ते बनलेलं, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावरचा स्विच पॅकेट तपासायचा, पोच द्यायचा आणि चूक निघाली तर पुन्हा मागवायचा. फायबर आल्यावर चुका इतक्या घटल्या की ही पडताळणी म्हणजे नुसता खोळंबा वाटू लागला. फ्रेम रिलेने ती काढूनच टाकली. हरवलेलं पुन्हा मागवायचं काम दोन्ही टोकांच्या संगणकांवर, म्हणजे टीसीपीसारख्या प्रोटोकॉलवर सोपवलं.

पण लाइन जिवंत आहे की नाही एवढं तरी कळायला हवं होतं. १९९० मध्ये सिस्को, डिजिटल इक्विपमेंट, नॉर्दर्न टेलिकॉम आणि स्ट्रॅटाकॉम या चार कंपन्यांनी मिळून त्यासाठी ‘लोकल मॅनेजमेंट इंटरफेस’ तयार केला. बोलण्यात तो एलएमआय. राउटर दर १० सेकंदांनी स्विचला विचारणा करतो, स्विच उत्तर देतो, आणि दर सहाव्या विचारणेला सगळ्या सर्किटांची यादी पाठवतो. शेवटच्या चारपैकी तीन वेळा गडबड झाली की राउटर लाइन डाऊन धरतो. दिवसाला ८,६४० विचारणा होतात. किती पाठवल्या, किती उत्तरं आली आणि किती वेळा वाट पाहून सोडून दिलं, हे आकडे स्क्रीनवर शेजारी-शेजारी दिसतात. नवखा माणूस इथेच फसतो. एलएमआय फक्त जवळच्या स्विचपर्यंतची खबर देतो. तो ठणठणीत असला तरी पलीकडची शाखा बंद असू शकते.

पलीकडचं कळतं ते पीव्हीसीच्या, म्हणजे कायमस्वरूपी आभासी सर्किटाच्या ओळीत. तिथे ‘इनॅक्टिव्ह’ दिसलं तर आपली बाजू ठीक, दुखणं समोरच्या टोकाला. ‘डिलीटेड’ दिसलं तर स्विचला हा सर्किट नंबर ठाऊकच नाही: एकतर आपण राउटरवर चुकीचा टाकला, नाहीतर लाइन पुरवणाऱ्या टेलिफोन कंपनीने काढून टाकला. निम्म्या तक्रारी या एका शब्दावर निकालात निघाव्यात.

खरी मौज पुढच्या आकड्यांत. ग्राहक कंपनीकडून एक हमीचा वेग विकत घ्यायचा, त्याला सीआयआर म्हणतात. समजा हमी ६४ किलोबिटची आणि पोर्ट १२८ किलोबिटचा. हमीपेक्षा जास्त पाठवायला मनाई नाही, पण त्या जादा फ्रेमवर स्विच ‘डीई’चा शिक्का मारतो: गर्दी झाली तर आधी हिला टाका. काही कंपन्या शून्य सीआयआरही विकत. म्हणजे प्रत्येक फ्रेमवर शिक्का! नेटवर्क रिकामं असेपर्यंत हे स्वस्तात मस्त चालायचं.

गर्दीची सूचना मात्र फ्रेम रिले देतं, पुढे जाणाऱ्या फ्रेमवर ‘फेकन’ आणि उलट दिशेने येणाऱ्या फ्रेमवर ‘बेकन’ हा एकेक बिट उचलून. आपल्याकडे बेकन येत असतील तर आपण पाठवलेला माल अडतोय. फेकन येत असतील तर आपल्याकडे येणारा. पण राउटरला खास सांगून ठेवलं नसेल तर तो बेकन नुसते मोजतो, वेग कमी करत नाही. बेकनचा आकडा चढताना बघत बसायचं आणि पाठवणं तसंच चालू, असा प्रकार.

चुकांची गोष्ट वेगळी. सीआरसी, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या फ्रेमची संख्या, पीव्हीसीच्या ओळीत सापडत नाही. ती अख्ख्या इंटरफेसच्या खात्यात असते. याचं कारण मला फार आवडतं. फ्रेम खराब झाली म्हटल्यावर तिच्यावरचा सर्किट नंबरही खराब झालेला असू शकतो, मग ती कोणाच्या नावावर मांडणार? अशी बेवारस फ्रेम निनावीच जमा होते. आवक चुका एकूण ट्रॅफिकच्या एक टक्क्यावर गेल्या की केबल, मोडेम आणि क्लॉकिंग तपासायला लागावं, हा जुना ठोकताळा. कॅरिअर ट्रान्झिशनचा आकडाही सोबत वाढत असेल तर लाइनच ये-जा करतेय.

गर्दीत टाकलेल्या फ्रेमचा काउंटर मात्र ग्राहकाकडे नसतोच, कारण त्या स्विचच्या पोटात मरतात. त्यावर उपाय दूधवाल्याच्या कार्डासारखा: दोन्हीकडे नोंद ठेवायची आणि महिनाअखेरीची वाट न बघता ताडून पाहायची. समजा ठरावीक तासाभरात मुंबईच्या राउटरने १२,००० फ्रेम पाठवल्या आणि पुण्याच्या राउटरला ११,८८० मिळाल्या, तर १२० वाटेत गेल्या. एक टक्का. ‘ड्रॉप्ड’चा रकाना यात धरायचा नाही. त्या फ्रेम आपल्याच राउटरने टाकलेल्या, त्यांचं खापर कंपनीवर फोडता येत नाही.

हे हाताने करणं जिकिरीचं. एसएनएमपी या प्रोटोकॉलने हेच आकडे दुरून वाचता यावेत म्हणून १९९२ मध्ये आरएफसी १३१५ हे मानक आलं, १९९७ मध्ये त्याची जागा २११५ ने घेतली. टोबियास ओटिकर यांनी इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात १९९४ मध्ये ६४ किलोबिटच्या लाइनसाठी लिहायला घेतलेल्या एमआरटीजी या प्रोग्रॅमने त्या आकड्यांचे आलेख काढले, तेही फुकट. दोन खाचखळगे मात्र राहिले. ३२ बिटांचा बाइट-काउंटर ४ अब्ज २९ कोटींच्या पुढे शून्यावर जातो. भरून वाहणाऱ्या ६४ किलोबिटच्या लाइनवर याला सहा दिवस लागतात, २ मेगाबिटच्या ई-१ लाइनवर पाच तासही नाहीत. दुसरं म्हणजे पाच मिनिटांची सरासरी. आलेख चाळीस टक्के दाखवतो, आणि त्याच पाच मिनिटांत कित्येक सेकंद लाइन तुडुंब भरलेली असते. शाखेतला माणूस ‘सिस्टीम स्लो आहे’ म्हणतो तेव्हा बहुतेक तोच बरोबर असतो.

अर्थात काउंटर सगळंच सांगत नाहीत. १३ एप्रिल १९९८ ला अमेरिकेत एटी अँड टीचं फ्रेम रिले नेटवर्क कोसळलं. एका स्विचचं कार्ड अपग्रेड करताना चूक झाली, सॉफ्टवेअरमधल्या दोषांनी ती नेटवर्कभर पसरवली, आणि सगळं पूर्ववत व्हायला २६ तासांपर्यंत वेळ लागला. ग्राहकाचा राउटर अशा वेळी सर्किट बंद असल्याचं सांगतो, पण ते का बंद आहे हे त्याला सांगता येत नाही.

आता त्या लाइनींची जागा एमपीएलएस आणि इथरनेटने घेतली आहे, पण सीआरसी आणि ड्रॉपचे रकाने तसेच आहेत. तुमच्या कार्यालयात लीज्ड लाइन असेल तर तक्रार नोंदवण्याआधी दोन्ही टोकांचे काउंटर शून्यावर आणा, वेळ लिहा, तासाभराने पुन्हा वाचा आणि दोन्ही आकडे तक्रारीसोबत पाठवा. ‘लाइन स्लो आहे’ एवढ्यावर कोणी इंजिनिअर पाठवत नाही.