खरा स्वर आणि तोतया स्वर

आम्ही पडलो कामगार चळवळीतले. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त आणि इंदापूर तालुक्यातल्या कारखान्यांच्या दारांत आमच्या चपला झिजल्या. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि गेटसभेत. अशा माणसाने संगणकावर स्वर कसा घडवावा या विषयावर बोलणे हा काहींना आगाऊपणा वाटेल. म्हणून या विषयाशी आमची गाठ कशी पडली, ते आधी सांगतो.

आमच्या युनियनचे एक लहानसे कलापथक आहे. डफ, ढोलकी, झांज आणि एक जुना कीबोर्ड, एवढा त्याचा संसार. तो कीबोर्ड बंद पडला. दुरुस्ती करणारा म्हणाला, "याचा सुटा भाग मिळत नाही, नवाच घ्या." नव्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा कंत्राटी कामावरचा एक तरुण म्हणाला, "काका, जुना लॅपटॉप मिळवा, वाद्य आपणच करू." त्याने ते केलेही. खालच्या पट्टीत आवाज छान भरला. पण वरच्या पट्टीत शाहीर गाऊ लागले आणि मध्येच थांबले. म्हणाले, "यात कुणीतरी दुसराच गातोय." हा दुसरा गाणारा कोण, याचा शोध घेता घेता आम्ही शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम साधन पाहू. संगणकाकडून स्वर काढण्याचा कार्यक्रम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली लिहिला. पुढे १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये मिलर पकेट यांनी ठोकळे आणि तारा जोडून कार्यक्रम रचण्याची सोय केली. तिला मॅथ्यूज यांच्यावरूनच 'मॅक्स' हे नाव मिळाले. याच पकेट यांनी १९९० च्या दशकात 'प्युअर डेटा' तयार केला. तो कोणालाही फुकट मिळतो आणि उघडून आत पाहताही येतो. ज्याने इलेक्ट्रिक पॅनेलची वायरिंग वाचली आहे त्याला तो परका वाटत नाही. एक ठोकळा स्वर काढतो, दुसरा तो लहानमोठा करतो, तिसरा स्पीकरकडे पाठवतो. पडद्यावर त्यांना तारांनी जोडायचे, एवढेच.

यांतला पहिला ठोकळा म्हणजे ऑसिलेटर, आपल्या भाषेत आंदोलक. तीच ती हालचाल सेकंदाला ठरावीक वेळा करीत राहणे हे त्याचे काम. हालचाल अगदी गोलाईची असेल तर शिट्टीसारखा एकेरी स्वर निघतो. पण वाद्याचा स्वर एकेरी नसतो. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर वाजतात; पाचव्या उपस्वरातूनच जाणकारांना स्वयंभू गंधार ऐकू येतो. मिरजेचे कारागीर घोडीची जवारी काढतात ती हे उपस्वर फुलवण्यासाठीच. संगणकावर असा भरीव स्वर हवा असेल तर करवतीच्या दात्यासारखी लाट घेतात: सावकाश चढायचे आणि एकदम खाली पडायचे. तिच्यात सगळे उपस्वर असतात. दुसरा मूळच्या निम्म्या जोराचा, तिसरा एकतृतीयांश, असे उतरत जाणारे. प्युअर डेटामध्ये 'फेझर' नावाचा ठोकळा अशी लाट आयती देतो. आमच्या तरुणाने तोच जोडला होता, आणि चूक तिथेच होती.

ती कळण्यासाठी गाणे बाजूला ठेवून क्षणभर लेथवर येऊ. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली लेथ चालत असे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणून अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. लेथच्या चकला तीन जॉ. चक मिनिटाला २,००० फेरे फिरत असेल, तर दोन लुकलुकण्यांमध्ये तो बरोबर एकतृतीयांश फेरा फिरतो. एका जॉच्या जागी दुसरा येऊन उभा! डोळ्यांना वाटते, चक थांबला आहे. आमच्या एका सोबत्याला तसेच वाटले, त्याने हात पुढे केला, आणि दोन बोटे गेली. शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर घ्याव्यात, म्हणजे एक मंद होताना दुसरी उजळ असते, हा साधा उपाय मिळवायला आम्हाला कितीतरी सभा घ्याव्या लागल्या.

संगणक स्वराकडे असाच लुकलुकत पाहतो. त्याला अखंड लाट ठाऊक नाही. तो सेकंदाला ४४,१०० वेळा लाटेची उंची टिपतो आणि ते आकडे स्पीकरकडे पाठवतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली जे मांडले त्याचा इत्यर्थ असा की, टिपण्याच्या निम्म्या वेगापर्यंतचीच कंपने खरी राहतात. येथे ती मर्यादा २२,०५० कंपनांची. त्यावरचे कंपन नाहीसे होत नाही. ते आरशातून परतावे तसे खाली दुमडते आणि भलत्याच स्वराचे सोंग घेते.

एक हिशेब करू. सेकंदाला ४,००० कंपनांचा उंच स्वर घ्या. त्याचे पहिले पाच स्वर २०,००० पर्यंत सुखरूप जातात. सहावा २४,००० चा. तो ४४,१०० मधून वजा होऊन २०,१०० वर उतरतो. दहावा ४०,००० चा; तो उतरतो ४,१०० वर, म्हणजे मूळ स्वराच्या अगदी शेजारी, अंगाला खेटून, आणि बेसूर. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच जातीचा हा स्वर. शाहिरांनी ऐकलेला 'दुसरा' तो हाच. खालच्या पट्टीत तो जाणवत नाही, कारण मर्यादेपर्यंत पोहोचणारे उपस्वर तिथे फार क्षीण झालेले असतात.

काहीजण म्हणतात, मग चाळणी लावून तोतया काढून टाका. तसे होत नाही. एकदा तो खऱ्या स्वरांच्या मेळ्यात बसला की चाळणीला दोघे सारखेच. त्याला वेशीवरच अडवले पाहिजे. अपघातानंतर भरपाई मागण्यापेक्षा आधी यंत्राला गार्ड लावावे, तसे हे.

उपाय तीन. पहिला, हवे तेवढेच उपस्वर स्वतः मोजून रचावे. १०० कंपनांच्या स्वराला २२० लागतात, ४,००० च्या स्वराला पाचच पुरतात. दर क्षणी एवढी बेरीज करणे जड जाते, म्हणून ती आधीच करून तक्त्यात भरून ठेवावी. प्युअर डेटात 'साइनसम' हा निरोप तक्ता भरतो आणि 'टॅबऑस्क फोर' हा ठोकळा शेजारच्या चार आकड्यांचा मेळ घालून तो वाचतो. दर सप्तकाला वेगळा तक्ता ठेवावा: १,००० ते २,००० कंपनांच्या सप्तकाला अकरा उपस्वरांचा, त्याखालच्याला बावीसचा. दुसरा उपाय, लाट जिथे एकदम पडते तो कोपरा गणिताने किंचित घासून घ्यावा. टर्नर धारेवरचा बर काढतो तसा. तिसरा, चौपट वेगाने टिपावे, मर्यादेवरचे गाळावे आणि मग मूळ वेगावर यावे. यात दुमडणे पुरते थांबत नाही, फार कमी होते. आम्ही पहिला उपाय घेतला. जुन्या लॅपटॉपला तोच झेपला.

स्वर शुद्ध झाला, पण कोरडा वाटू लागला. तेव्हा तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा आठवल्या. एक आंदोलक २२० वर आणि दुसरा २२१ वर ठेवला, की सेकंदाला एक सावकाश हेलकावा येतो आणि स्वराला अंग चढते. मात्र दोघांचा जोर निम्मा करावा. नाहीतर बेरीज मर्यादेबाहेर जाऊन लाटेचे डोके छाटले जाते आणि खरखर निघते. स्वर सुरू होताना आवाज शून्यातून काही सहस्रांश सेकंदात चढवावा, म्हणजे 'टक्' होत नाही.

हे एका बँडवाल्या मित्राला दाखवले. तो क्लॅरिनेट वाजवतो. त्याने विचारले, "कीबोर्ड आला तेव्हा आमच्यातले चार जण घरी बसले. आता हे कुणाच्या पोटावर पाय देणार?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. यंत्र येऊ नये, असे म्हणून ते थांबलेले आम्ही पाहिले नाही. पण बंद डब्यातले यंत्र बिघडले की माणूस दुकानदाराच्या दारात उभा राहतो. उघडे यंत्र त्याला स्वतः सुधारता येते, आणि स्वतःच्या कानाला पटेल असे घडवता येते. आम्ही त्या मित्राला बोलावले ते कानासाठीच. कोणत्या सप्तकात किती उपस्वर ठेवले म्हणजे आवाज टोचत नाही, हे त्याने ठरवले. तरुणाला ते ऐकूच येत नव्हते.

मागच्या १ मे रोजी इंदापुरात कलापथक त्या लॅपटॉपवर गायले. शाहिरांनी वरचा सूर लावला आणि तो सोडला नाही. शेजारी क्लॅरिनेटही होते.