उभा नकाशा
भूमी, माणूस, पीक : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण कोकणातल्या खाजणांच्या बांधांवरून फिरलो. या वेळी समुद्राकडे पाठ करून सातपुड्याच्या डोंगरात जायचं आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचं अक्कलकुवा सोडून मोलगीची वाट धरली की देवगोईचा घाट लागतो. पायथ्याशी अजून तापीखोऱ्याची काळी जमीन असते. कापूस, ऊस, केळी, पपई. घाट चढून वर आलं की विहिरींवरचे पंप विरळ होतात, उतारावर दगडांच्या अध्येमध्ये पेरलेली शेतं दिसू लागतात आणि जवळजवळ प्रत्येक शेतात एकेक घर. खाली गाव म्हणजे घरांचा पुंजका आणि भोवती शिवार. इथे गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे. एका पाड्यावरून दुसऱ्यावर हाक लगेच पोचते, माणसाला पोचायला दरी उतरून पुन्हा चढावी लागते. मोलगीजवळचं काठी हे याच पट्ट्यातलं गाव.

खंडाचा भूगोल सांगायला निघालेल्या लेखमालेने एका गावापाशी का थांबावं? माझी तक्रार जुनी आहे: आपल्या पुस्तकांतले प्रदेश आडवे असतात. नकाशा टेबलावर पसरायचा, गव्हाला एक रंग, भाताला दुसरा, ज्वारीला तिसरा, आणि जिथे कोणता रंग द्यावा ते कळत नाही तिथे 'डोंगराळ व वनव्याप्त' लिहून मोकळं व्हायचं. आशियाच्या नकाशावर असे तुकडे सातपुड्यापासून ईशान्येच्या डोंगरांपर्यंत आणि पुढे लाओस-व्हिएतनामपर्यंत पसरलेले आहेत. त्यांत कोट्यवधी माणसं पेरतात, कापतात, खातात. त्यांचा भूगोल वाचायचा तर नकाशा भिंतीला टेकवून उभा करावा लागतो. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने ते दोनशे वर्षांपूर्वी केलं होतं. १८०२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला आणि १८०७ मध्ये त्याने त्या पर्वताचा उभा छेद छापला. कोणत्या उंचीला कोणती वनस्पती, ते डोंगराच्या अंगावरच लिहून. सातपुड्याचं असं चित्र काढायला तेवढी उंचीही लागत नाही. अस्तंभ्याचा डोंगर १३२५ मीटरचा, चिंबोराझोच्या पावपटीहूनही कमी.

आधी दगड. द्वीपकल्पातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातात. नर्मदा आणि तापी या दोघी मात्र पश्चिमेला वळतात, कारण भूकवच खचून तयार झालेल्या दोन खोबणी त्यांना आयत्या मिळाल्या. दोन खोबणींच्या मध्ये जो उंच ठोकळा उरला तो सातपुडा. काठीच्या बाजूला या दोन नद्यांमधलं हवाई अंतर साधारण पन्नास किलोमीटर आहे. म्हणजे उपखंडाच्या दोन मोठ्या नद्यांच्या मध्ये एवढाच डोंगर, आणि तोही कडेकपारींनी फाटलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर इथे साचले. थरांना पडलेल्या भेगांतून वर आलेला शिलारस जागीच गोठला आणि त्याच्या उभ्या भिंती झाल्या. नंदुरबार-धुळ्याच्या मुलखात अशा भिंती शेकड्यांनी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पूर्व-पश्चिम धावतात. सपाटीवरून जाताना शेताच्या मधोमध काळ्या दगडांची लांबलचक रांग दिसली तर ती कुणी रचलेली नाही, असं समजायला हरकत नाही.

बेसाल्ट झिजला की चांगली काळी माती होते, पण ती उतारावर टिकत नाही. पावसाळ्यात ती ओहोळातून नदीत आणि नदीतून सपाटीवर जाते. शहादा-तळोद्याची जी जमीन 'सोनं' म्हणून सांगितली जाते, तिच्यात डोंगराने गमावलेली माती आहे. मातीच्या मागोमाग पाणी खाली गेलं, मग सागाचं लाकूड, आणि शेवटी माणसांचे हात. या क्रमाकडे आपण परत येऊ.

वर राहिलेल्या पातळ मातीत काय पिकतं? ज्वारी, मका, तूर, उडीद, आणि मोर, बंटी, भादी ही बारीक दाण्याची धान्यं. बऱ्याच शेतांत ती मिसळून पेरलेली असतात. कृषी अधिकाऱ्याला हे शेत गबाळं वाटतं. पण पावसाने ऑगस्टमध्ये दडी मारली तर मका जाते आणि तूर तगते. पाऊस चिकटून बसला तर आणखी कशाचं तरी बरं होतं. एकाच शेतात चार पिकं लावणं हा या उतारावरचा विमा आहे आणि त्याचा हप्ता बियाण्यातच भरलेला असतो. कामाला गडी लावायला पैसा नसतो, तिथे लाह चालते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या, आणि त्या दिवशीचं जेवण शेतवाल्याचं. चैत्राच्या सुमाराला मोहाची फुलं वेचायची, मग कैऱ्या सोलून, कापून, उन्हात वाळवून आमचूर करायचा. धडगाव-मोलगीच्या बाजारात व्यापारी तो पोत्यांनी घेतात. रोख पैसा पाहायला मिळतो तो पुष्कळदा या आमचुराचाच.

मोरापासून भगर होते. इथे एक गंमत आहे, तिखट म्हणावी अशी. डोंगरातल्या माणसाचं हे रोजचं पोटाचं धान्य सपाटीवर उपासाचं झालं. जे खाल्लं तर 'जेवलो' असं धरायचं नाही, ते! २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरात या दाण्यांना फार मान आला. उतारावरच्या शेतकऱ्याला मान आला का, हे वेगळं विचारावं लागेल.

पूर्वी ही शेती एका जागी नव्हती. झाडोरा तोडून जाळायचा, राखेत पेरायचं, जमीन थकली की पुढे सरकायचं. कोकणात हिला दळी म्हणत, ईशान्येत झूम, आंध्र-ओडिशाच्या घाटांत पोडू. नावांची ही रांगच सांगते की आशियाच्या डोंगरांचा हा एक सलग प्रदेश होता, जरी कोणत्याही नकाशाने त्याला एक रंग दिला नाही. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली आणि सरकायची सोय संपली. शेत एका जागी खिळलं, पण उतार काही सपाट झाला नाही. जंगलात काढलेल्या नव्या शेताला इथे नेवाड म्हणतात. सरकारदरबारी त्याचं नाव अतिक्रमण. २००६ च्या वनहक्क कायद्याने या जमिनींवर दावा करण्याची वाट उघडली, आणि ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला त्यांना आपण कसतो हे कागदांनी सिद्ध करायला लावलं.

सपाटीचं राज्य डोंगरात उशिरा आणि अर्धवट पोचलं. घोडा जिथे चढत नाही आणि धान्याचा सारा जिथून गाडीने आणता येत नाही, तिथे राजे लोक नजराण्यावर समाधान मानतात. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आलं. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण उभारली. पण सातपुड्याच्या या टोकाला काठी, चिखली, नाला, सिंगपूर अशी मेहवासी संस्थानं चालूच राहिली, आणि खानदेशच्या कलेक्टरने त्यांच्यावर लांबून देखरेख ठेवली. जेम्स स्कॉट या अमेरिकी अभ्यासकाने २००९ च्या पुस्तकात आग्नेय आशियाच्या डोंगरांबद्दल हेच मांडलं की, डोंगर हे राज्यापासून लांब राहण्याचं ठिकाण होतं. सातपुड्याला ते निम्मंच लागू पडतं असं मला वाटतं. इथल्या माणसांनी राज्य टाळलं नाही, स्वतःचं छोटं राज्य ठेवलं. काठीला 'संस्थान' हा शब्द आजही अभिमानाने उच्चारला जातो.

आता त्या क्रमातला शेवटचा टप्पा, हात. जॉन मरा या मानववंशशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये अँडीजबद्दल एक सुंदर गोष्ट दाखवली. तिथला एकच समाज वेगवेगळ्या उंचीवर शेतं राखायचा. वर बटाटा, मध्ये मका, आणखी खाली कोका. डोंगर उभा असला तरी अन्न पुरं व्हायचं. सातपुड्यातही उंचीप्रमाणे पिकं बदलतात, पण खालची शेतं दुसऱ्यांची आहेत. त्यातली बरीच पूर्वी भिल्लांचीच होती. सावकारी आणि कागदांच्या खेळात ती गेली, म्हणून तर १९७१-७२ मध्ये शहाद्याला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेची चळवळ उभी राहिली. जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ मध्ये झाला. तरी खालच्या पायरीवर आपलं शेत नसलेला डोंगरकरी दिवाळीनंतर काय करतो? तो स्वतःच खाली जातो. सुरत-बारडोलीच्या उसाच्या फडात कोयता घेऊन, नाहीतर गुजरातेत बांधकामावर. जनगणनेत तो काठीचा, पण वर्षाचे काही महिने त्याचा भूगोल दक्षिण गुजरातचा असतो. २०११ च्या मोजणीप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात दहापैकी सात माणसं अनुसूचित जमातींची आहेत. ही मोजणी माणसाला एकाच जागी उभं करते, ही तिची अडचण.

होळीला ती माणसं वर परततात, फड संपलेला असो वा नसो. काठीची राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं परंपरा सांगते. होळीचा उंच बांबू गुजरातच्या जंगलातून आणतात. त्यासाठी खड्डा खणायचा तो हातांनी, हत्याराशिवाय. व्रत धरलेले बुध्या आणि बावा अंगावर नक्षी, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून रात्रभर ढोलावर नाचतात. होळी पेटते ती पहाटे. बाहेरचे छायाचित्रकार टोपांचे फोटो घेतात, तेही ठीकच. पण भूगोलाच्या विद्यार्थ्याने बांबूकडे बघावं. राज्याची सीमा ओलांडून तो येतो आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण डोंगर अलीकडे-पलीकडे एकच आहे. नर्मदेच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. देवमोगरा मातेचं ठाणं गुजरातमधल्या सागबाऱ्याकडे, आणि नवस करणारे अक्कलकुव्याचे.

उभ्या नकाशाची सर्वांत खालची उत्तर पायरी म्हणजे नर्मदेचा काठ. ती पाण्याखाली गेली. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांत अगदी पुढचं. नदीकाठची गाळाची जमीन हीच तिथली सर्वांत कसदार, आणि ती आधी बुडाली. पुष्कळ कुटुंबांना तळोद्याकडच्या सपाटीवर वसवलं. ज्यांच्या हाताला उताराचं शेत ठाऊक होतं, त्यांना काळ्या रानात कापूस शिकावा लागला. घरं रांगेत आली, पाडा गेला. जमीन बदलली की गावाचा आकार, पीक, देणंघेणं सगळं बदलतं, हे वाक्य पुस्तकात वाचायला सोपं आहे. नर्मदाकाठच्या माणसांनी ते एका पिढीत भोगलं.

पुढच्या लेखांकात तापी ओलांडून नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर जाऊ. तोवर एक काम करा. येत्या एकादशीला भगर आणलीत तर दुकानदाराला ती कुठली म्हणून विचारा. त्याने मोलगीची सांगितली, तर ताटातली ती भगर या उतारावरची आहे.