टाचेमागची शीर : विश्रांती किती, व्यायाम किती?



या सदरात आम्ही एरवी बेणे, खत नि पाणी यांविषयी लिहितो. आजचा विषय पायाचा आहे. मागील हंगामात पक्वता तपासणीसाठी गटागटाने फिरताना आमच्या उजव्या टाचेच्या वर दुखू लागले. सकाळची पहिली दहा पावले टाकणे मुश्किल. चालू लागले की कमी वाटे, रात्री पुन्हा ठणका. पंधरा दिवस घरी बसलो, बरे वाटले. पुन्हा बांधावर गेलो, तर तिसऱ्या दिवशी दुखणे हजर! मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारे तोडणी कामगार आणि भरतीसाठी पहाटे पळणारी आपली मुले यांचीही हीच तक्रार असते. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून जे शिकलो ते येथे देत आहोत.

दुखणे कशाचे?
पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरीसारखी जाड शीर असते. ही रक्ताची शीर नव्हे. डॉक्टर हिला अ‍ॅकिलिस टेंडन म्हणतात. चालणे, पळणे, चढणे एकाएकी वाढले की तिची झीज जास्त आणि भरपाई कमी होते. मग ती जाड होते, दाबल्यास दुखते.

नुसती विश्रांती का पुरत नाही?
पडून राहिल्याने दुखणे थांबते, पण शीर आणखी कमजोर होते. तिला बळ येते ते बेताबेताने भार दिल्याने. स्वीडनमधील उमेओ येथील हाडांचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 साली हे दाखवून दिले. शस्त्रक्रियेच्या यादीतील 15 रुग्णांना त्यांनी 12 आठवडे पुढील व्यायाम दिला आणि ते सर्व पुन्हा धावू लागले.

व्यायाम कसा करावा?
1) पायरीच्या कडेवर चवडे टेकून, भिंतीला हात लावून उभे राहावे.
2) दोन्ही पायांनी टाचा उचलाव्यात. मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यावी.
3) वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यावा. दुखऱ्या पायाचे काम फक्त खाली जाण्याचे.
4) गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, असे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून तसेच तीन फेरे. सकाळ-संध्याकाळ मिळून 180 वेळा, रोज, 12 आठवडे.
5) सोपे वाटू लागल्यावर पाठीवरच्या पिशवीत वजन घालून ते हळूहळू वाढवावे.

करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर मात्र प्रमाण कमी करावे. दुखरी जागा अगदी हाडाच्या जोडावर असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये; सपाट जमिनीवरच करावे. रोज वेळ नसल्यास, जड वजन घेऊन सावकाश केलेला व्यायाम आठवड्यातून तीनदाही चालतो. डेन्मार्कमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा गुण जवळपास सारखाच आला.

हे टाळा
तेल-मालिश, शेक यांनी तात्पुरते बरे वाटते, एवढेच. लवकर बरे व्हावे म्हणून शिरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये. शीर तुटण्याचा धोका असतो. आम्हालाही एकाने तो सल्ला दिला होता, बरे झाले ऐकला नाही. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून 'कट्' आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर व्यायाम नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आम्हाला सहाव्या आठवड्यापर्यंत फारसा फरक दिसला नाही. सोडून द्यावेसे वाटले. अकराव्या आठवड्यात दिवसभर शिवार फिरलो. आडसालीसाठी दीड वर्ष थांबणारे आपण. पायाला बारा आठवडे द्यायला काय हरकत आहे? सुरुवात मात्र फिजिओथेरपिस्टला एकदा पाय दाखवूनच करावी.

— ऊस विकास अधिकारी